स्क्रू पाइल: जमिनीत उतरता उतरता तिची ताकद सांगणारा पाया

पाया घालायचा म्हणजे आधी खणायचं, माती बाहेर काढायची, सळया बांधायच्या, काँक्रीट ओतायचं आणि ते पक्कं होईपर्यंत दिवस मोजायचे. वरची जमीन भुसभुशीत असली की हाच उद्योग आणखी खोलवर करावा लागतो: यंत्राने बोअर घेऊन त्यात काँक्रीट भरायचं, नाहीतर तयार खांब ठोकून ठोकून खाली घालायचा. स्क्रू पाइलमध्ये यातलं जवळपास काहीच नसतं. पोलादाचा एक दांडा, त्याच्या खालच्या टोकाला वेल्ड केलेली दोन-तीन वळणदार पाती, आणि वरून फिरवणारी हायड्रॉलिक मोटर. दांडा फिरत फिरत जमिनीत उतरतो. मातीचा ढीग होत नाही, शेजारच्या भिंती हादरत नाहीत, आणि डोक्यावर पट्टी बसवली की त्याच दिवशी वरचं बांधकाम सुरू करता येतं.

कौतुक होतं ते या वेगाचं. मला मात्र या पाइलची दुसरीच गोष्ट जास्त मोलाची वाटते. आत जाताना तो किती अडतो हे सतत मोजता येतं, आणि त्या अडण्यावरून तो किती भार घेईल याचा अंदाज तिथल्या तिथे बांधता येतो. म्हणजे प्रत्येक पाइल स्वतःपुरती जमिनीची एक छोटी चाचणीच घेत जातो. हा या तंत्राचा सगळ्यात मोठा गुण आहे; आणि लोक फसतात तेही इथेच, कारण त्या आकड्यावर त्याच्या लायकीपेक्षा जास्त विश्वास टाकला जातो. म्हणून तो आकडा कुठून येतो आणि कुठे निरुपयोगी ठरतो, हे जरा सविस्तर पाहू.

दांडा बारीक, पाती रुंद

लाकडात स्क्रू पिळतो तसंच हे, असं सांगितलं जातं. आत शिरण्यापुरतं ते खरं आहे. पण लाकडाच्या स्क्रूला खूप आटे असतात आणि ते लाकूड सगळीकडून घट्ट धरून ठेवतात. स्क्रू पाइलला अंगभर आटे नसतात. प्रत्येक पातं म्हणजे आट्याचा फक्त एक वळसा, आणि अशी पाती एखाद-दोन, फार तर तीन-चार, तीही तळाच्या बाजूला. आत शिरून झालं की त्यांचं स्क्रूपण संपतं. मग प्रत्येक पातं खोलवर पुरलेल्या एका छोट्या गोल पायासारखं काम करतं: वरचा भार दांड्यातून खाली येतो आणि पात्याखालच्या मातीवर दाबला जातो. भार वर ओढणारा असेल, तर तेच पातं आपल्यावरच्या मातीला टेकून धरून ठेवतं.

दांडा दोन तऱ्हेचा असतो: ३८ किंवा ४४ मिलिमीटरचा भरीव चौकोनी, किंवा ७३, ८९, ११४ मिलिमीटर व्यासाचा आणि त्याहूनही मोठा पोकळ पाइप. पाती बहुधा २०० ते ३५० मिलिमीटर व्यासाची. ८९ मिलिमीटरच्या पाइपला ३०० मिलिमीटरचं पातं लावलं, तर त्याचं क्षेत्रफळ नुसत्या पाइपच्या टोकाच्या अकरा पटींहून जास्त होतं. एवढ्या बारीक दांड्यावर एवढा भार कसा, याचं उत्तर इथे आहे.

थोडा हिशोब करून पाहू. बऱ्यापैकी घट्ट चिकणमाती आहे आणि तिची कातर-ताकद, म्हणजे आपल्यातच घसरण्याला ती करते तो विरोध, चौरस मीटरला १०० किलोन्यूटन आहे असं समजा. अशा मातीत खोलवर असलेलं पातं, माती हार मानण्याआधी, त्या ताकदीच्या साधारण नऊ पट दाब घेतं, म्हणजे चौरस मीटरला ९०० किलोन्यूटन. ३०० मिलिमीटरच्या पात्याचं क्षेत्रफळ भरतं ०.०७ चौरस मीटर. म्हणजे एका पात्याला ६३ किलोन्यूटन, दोन पात्यांना १२६ किलोन्यूटन. ही झाली शेवटची मर्यादा. तिला सुरक्षेसाठी दोनाने भागायचं, की वापरायला उरतात ६३ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे साडेसहा टन.

दोन पात्यांचा हिशोब असा वेगवेगळा करून बेरीज करता येते ती त्यांच्यात पुरेसं अंतर असेल तरच. प्रचलित नियम असा, की खालच्या पात्याच्या व्यासाच्या तिप्पट अंतरावर पुढचं पातं. पाती त्याहून जवळ आणली तर मधली माती दोन्ही पात्यांबरोबर एकाच गोल लोंढ्यासारखी सरकू लागते आणि जास्तीच्या पात्याचा फायदा घटतो. शेजारशेजारच्या पाइलांनाही हेच लागू: मध्यापासून मध्यापर्यंत मोठ्या पात्याच्या किमान तीन व्यासांइतकं अंतर ठेवतात.

पात्यांच्या मापांत फरक असतो, सगळ्यात लहान पातं तळाशी आणि वर मोठी. वळशाची उंची मात्र सगळ्यांची सारखीच असते, बहुतेक वेळा ७५ मिलिमीटर. कारण सरळ आहे. पहिल्या पात्याने मातीत जी चीर पाडली, त्याच चिरेतून मागची पाती गेली पाहिजेत. प्रत्येक पात्याने स्वतःची वेगळी वाट काढली तर मधली माती घुसळली जाते, आणि ज्या मातीच्या जिवावर पाइल उभा राहायचा तीच सैल होते. पात्याचा वळसा कारखान्यात साच्यात दाबून नीट घडवलेला हवा, असा आग्रह धरतात तोही यासाठीच. सपाट तबकडीला चीर देऊन दोन्ही टोकं हाताने वाकवली, की पातं दिसायला तसंच दिसतं. जमिनीत गेल्यावर ते माती कापत नाही, ढवळतं.

समुद्रातल्या वाळूपासून सुरुवात

कल्पना नवी नाही. अलेक्झांडर मिचेल या आयरिश अभियंत्याने १८३३ साली तिचं पेटंट घेतलं. तरुण वयातच त्याची दृष्टी गेली होती, आणि हाताने चाचपून तो लोखंडी कामाची बारकाईने तपासणी करत असे. प्रश्न होता समुद्राच्या उथळ, वाळूच्या पट्ट्यांवर दीपगृह उभारण्याचा. दगडी बांधकाम तिथे टिकणार नव्हतं. थेम्स नदीच्या मुखाजवळच्या मॅपलिन वाळूपट्ट्यावर १८३८ मध्ये असे लोखंडी स्क्रू खांब बसवले गेले. त्यांची पाती जवळपास सव्वा मीटर रुंद होती. मोटर कुठली? तराफ्यावर आडवं चक्र बसवून माणसांनी गोल फिरत ते खांब आत पिळले. मॅपलिनचा दिवा १८४१ मध्ये लागला. त्याच पद्धतीचं, नंतर सुरू होऊनही आधी पूर्ण झालेलं फ्लीटवुडजवळचं वायर दीपगृह १८४० मध्येच उजळलं होतं.

पुढे अमेरिकेच्या चेसापीक उपसागरात अशी डझनावारी दीपगृहं झाली. मग ठोकण्याची वाफेची यंत्रं आली, काँक्रीट आलं, आणि स्क्रू पाइल मागे पडला. विसाव्या शतकात विजेच्या आणि टेलिफोनच्या खांबांना ताण देणाऱ्या तारा जमिनीत अडकवण्यासाठी तो पुन्हा वापरात आला, आणि हायड्रॉलिक मोटर स्वस्त झाल्यावर घरांच्या पायांपर्यंत पोचला. अमेरिकेत त्याच्या मूल्यमापनाचे रीतसर निकष २००७ मध्ये ठरले आणि २००९ च्या आंतरराष्ट्रीय इमारत संहितेत त्याला पहिल्यांदा स्वतःची जागा मिळाली. पेटंटपासून मोजलं तर पावणेदोनशे वर्षांनी.

पीळ आणि भार

पाइल फिरवायला लागणारा पीळ, म्हणजे टॉर्क. माती जितकी घट्ट, तितका तो जास्त. आणि घट्ट माती भारही जास्त घेते. या दोन गोष्टींचा संबंध अनुभवी कारागिरांना आधीपासून माहीत होता. १९८९ मध्ये हॉइट आणि क्लेमन्स या संशोधकांनी २४ ठिकाणच्या ९१ ओढ-चाचण्या एकत्र तपासल्या आणि दाखवलं, की मातीच्या गुणधर्मांवरून केलेल्या दोन प्रचलित हिशोबांपेक्षा टॉर्कवरून बांधलेला अंदाज अधिक सातत्याने जुळतो.

सूत्र अगदी साधं आहे: शेवटचा टॉर्क गुणिले एक गुणक, की मिळते अंतिम भारक्षमता. गुणक दांड्याच्या मापावर ठरतो. ३८ आणि ४४ मिलिमीटरच्या चौकोनी दांड्याला दर मीटरला ३३, ७३ मिलिमीटरच्या पाइपला ३०, ८९ मिलिमीटरच्या पाइपला २३. दांडा जाड होत जातो तसा गुणक घटत जातो, हे आधी उलटं वाटतं. पण विचार केला तर पटतं: जाड दांड्याच्या अंगाला माती जास्त घासते, म्हणून टॉर्कचा मोठा वाटा त्या घासण्यातच खर्ची पडतो. भार घेण्यात त्या घर्षणाचा वाटा त्या मानाने थोडाच.

उदाहरण घेऊ. ८९ मिलिमीटरचा पाइप, शेवटचा टॉर्क १० किलोन्यूटन-मीटर. अंतिम क्षमता २३० किलोन्यूटन, सुरक्षित भार त्याच्या निम्मा, ११५ किलोन्यूटन, म्हणजे पावणेबारा टनांच्या आसपास.

हा गुणक आकाशातून पडलेला नाही, हे दुसऱ्या बाजूनेही पडताळून पाहता येतं. मला तरी हा ताळा पाहिल्यावर विषय जास्त समजल्यासारखा वाटला. घर्षण मुळीच नसतं, तर एका फेऱ्यात मोटरने केलेलं सगळं काम पाइल एक वळसा पुढे ढकलण्यात गेलं असतं. एका फेऱ्याचं काम म्हणजे ६.२८ गुणिले १०, म्हणजे ६२.८ किलोन्यूटन-मीटर. तेवढ्यात पाइल ०.०७५ मीटर खाली जातो. भागाकार केला की बल येतं सुमारे ८४० किलोन्यूटन. प्रत्यक्षात भरवशाची क्षमता २३० धरतो. म्हणजे कामाचा जवळजवळ तीन चतुर्थांश भाग माती कापण्यात आणि घासण्यात जातो, आणि उरलेला एक चतुर्थांश आपल्याला क्षमतेच्या रूपात दिसतो. घर्षणाचा हा वाटा मातीगणिक थोडाफार बदलतो, म्हणूनच गुणक हा निसर्गनियम नव्हे. तो चाचण्यांवरून काढलेला, जपून वापरायचा आकडा आहे. महत्त्वाच्या कामात त्याच जागेवर एक-दोन पाइलांवर प्रत्यक्ष भार ठेवून लोड टेस्ट करतात आणि त्या जागेपुरता गुणक पक्का करतात.

टॉर्क मोजायचा कसा? मोटरच्या आणि दांड्याच्या मधे मोजयंत्र बसवणं सगळ्यात चांगलं. त्याऐवजी मोटरकडे जाणाऱ्या आणि तिच्याकडून परतणाऱ्या तेलाच्या दाबांतला फरक घेऊन तक्त्यावरून टॉर्क काढतात. यात फक्त आत जाणारा दाब वाचायचा आणि परतीचा विसरायचा, असा प्रकार होतो, आणि मग टॉर्क खऱ्यापेक्षा जास्त दिसतो. चूक नेमकी धोक्याच्या बाजूची. म्हणून मोजयंत्र केव्हा जुळवून घेतलं होतं, हे कामाआधी विचारण्यात संकोच करू नये.

फिरवण्यालाही शिस्त आहे. मिनिटाला दहा ते वीस फेरे, त्याहून घाई नाही. आणि वरून सतत पुरेसा दाब, म्हणजे प्रत्येक फेऱ्याला पाइल जवळपास एक वळसा, ७५ मिलिमीटर, खाली गेलाच पाहिजे. तो जागच्या जागी फिरू लागला तर पाती आजूबाजूची माती दळून काढतात. अशा वेळी टॉर्क एकदम उतरतो, किंवा कठीण थरावर नुसताच फिरत राहिला तर फसवा आकडा दाखवतो. म्हणून नोंदवहीत टॉर्कच्या शेजारी दर फेऱ्याला किती खाली गेला याचीही नोंद असली पाहिजे. नुसता शेवटचा टॉर्क लिहिलेला कागद माझ्या लेखी अर्धाच.

टॉर्क जे सांगत नाही

टॉर्क सांगतो ते पाती ज्या मातीतून गेली तिच्याबद्दल. त्यांच्या खाली काय आहे, याबद्दल तो गप्प असतो. दोन मीटर जाडीचा घट्ट वाळूचा थर आणि त्याखाली लोण्यासारखी चिकणमाती असेल, तर पाती वाळूत रुतल्यावर टॉर्क उत्तम येईल. काम करणारा खूश होईल. वर्षभराने सगळा भार वाळूचा थर फोडून खाली दबू लागेल. हे टाळायचं तर आधी बोअर घेऊन जमिनीचे थर पाहणं, ठरावीक खोलीवर एसपीटी (ठरावीक वजनाच्या हातोड्याचे किती ठोके दिल्यावर नळी मातीत ठरलेली खोली उतरते, ही चाचणी) घेणं, याला पर्याय नाही. स्क्रू पाइल स्वतःच जमीन तपासतो, मग वेगळी तपासणी कशाला, हा युक्तिवाद कधीकधी ऐकू येतो. तो मान्य करू नये.

दुसरी अडचण काळाची. टॉर्क आजच्या जमिनीचा आहे. चिकणमातीतून भारामुळे पाणी हळूहळू पिळून निघतं आणि ती वर्षानुवर्षं थोडी थोडी खचत राहते. अर्ध्या तासाच्या पिळण्यात याचा पत्ता लागत नाही. पाणी लागलं की फुगणारी आणि सुकली की आकसणारी माती तर आणखी नाठाळ. कोरड्या दिवसांत ती दगडासारखी कडक असते, टॉर्क भरभरून येतो, आणि ओली झाली की ती ताकद उरत नाही. अशा जमिनीत पाती त्या फुगणाऱ्या थराच्या बरीच खाली, जिथे ओलावा ऋतूप्रमाणे बदलत नाही तिथे न्यायची असतात. तिथवर पोचला तर मात्र हा पाइल चांगला उपयोगी पडतो. बारीक दांड्याला फुगणाऱ्या मातीने धरून वर उचलण्याजोगं अंगच फार कमी असतं.

तिसरी गोष्ट दगडगोट्यांची. पात्याची कड धोंड्याला लागली की टॉर्क उसळी घेतो. त्या उसळीला क्षमता समजायचं नाही. गोटे, पाडलेल्या बांधकामाचा राडारोडा, लाकडाचे ओंडके टाकून केलेला भराव अशा जागी पाती वाकतात, दांडा तिरका होतो. खाली सलग खडक असेल तर पातं त्यात शिरतच नाही. अशा ठिकाणी ही पद्धत सोडून दिलेली बरी.

वाकणं, ढकललं जाणं, गंजणं

बारीक दांडा हे या पाइलचं बळ आहे तसंच दुखणंही. चौफेर माती असली की ती दांड्याला बाजूने धरून ठेवते आणि वाकू देत नाही. त्यासाठी माती फार ताकदवान असावी लागते असंही नाही. पण अगदी लिबलिबीत चिकणमाती, दलदल, भूकंपात पाण्यासारखी वाहू लागणारी वाळू, किंवा पाइलचा काही भाग जमिनीच्या वर उघडा असणं, या परिस्थितींत वाकण्याचा वेगळा हिशोब करावाच लागतो. एसपीटीचा आकडा पाचच्या खाली गेला की डिझाइन करणाऱ्याच्या डोक्यात घंटा वाजली पाहिजे. अशा वेळी मोठा पाइप घेतात, किंवा दांड्याभोवती सिमेंटचं पातळ मिश्रण (ग्राउट) भरत उतरवतात. चौकोनी दांड्याच्या बोल्ट लावलेल्या सांध्यांमध्ये थोडी ढिलाई असते, तीही इथे नडते.

आडव्या जोराचंही तसंच. वारा, भूकंप, मातीचा रेटा, पाण्यातला बर्फ. १८६६ साली चेसापीक उपसागरात शार्प्स आयलंडजवळ स्क्रू पाइलवर उभारलेलं लाकडी दीपगृह १८८१ च्या फेब्रुवारीत बर्फाच्या लोंढ्याने पायांवरून उखडून नेलं. आतले दोन रखवालदार त्या तरंगत्या घरासकट वाहत गेले आणि घर उथळ पाण्यात रुतल्यावर सुखरूप बाहेर पडले. त्या जागी मग भरभक्कम लोखंडी केसनवर, म्हणजे तळाशी बसवून काँक्रीटने भरलेल्या मोठ्या नळकांड्यावर, दीपगृह उभारलं. गंमत अशी, की तेही पुढे १९७० च्या दशकात बर्फाच्या रेट्याने कललं आणि आजही तिरकंच उभं आहे. तेव्हा दोष एकट्या स्क्रू पाइलचा नव्हता. तरी उभ्या भाराला मजबूत असलेला बारीक दांडा बाजूच्या धक्क्याला कमकुवत असतो, हे खरंच. आडवा भार मोठा असेल तर काही पाइल तिरके बसवतात, म्हणजे त्या भाराचा बराचसा वाटा दांड्याच्या लांबीच्या दिशेने जातो.

मॅपलिनचं दीपगृहही अखेर १९३२ मध्ये पाण्यात गेलं, तळाची वाळू वाहून गेल्यामुळे. वाहत्या पाण्यात पाया घालताना पात्यांवरची माती उद्या जागेवर असेल का, हा प्रश्न आधी सोडवावा लागतो.

गंजाची भीती सगळ्यांना वाटते, आणि ती रास्त आहे; पण वाटते त्या ठिकाणी नाही. खोलवरच्या, कधी न हललेल्या मातीत प्राणवायू फार कमी असतो, त्यामुळे तिथे पोलाद हळू गंजतं. खरी झळ लागते ती वरच्या मीटर-दोन मीटरला, जिथे भराव असतो, हवा खेळते, पाण्याची पातळी वरखाली होते. कोळशाची राख, सेंद्रिय कचरा, क्षार, आम्लधर्मी माती, शेजारून जाणाऱ्या विद्युत रेल्वेचा जमिनीत पाझरणारा प्रवाह, हे सगळे गंजाचे मित्र. उपाय दोन: गरम जस्तात बुडवून दिलेला थर, आणि गंजून जाईल असं धरून आधीच दिलेली जास्तीची जाडी. साधारण ५० वर्षांचं आयुष्य धरून हा हिशोब करतात. एक बारीकशी गोष्ट बरेचदा सुटते: सौरपट्ट्यांच्या कामात अर्थिंगची उघडी तांब्याची तार जस्ताच्या पाइलला जोडली, की ओल्या मातीत दोघांची मिळून बॅटरी तयार होते आणि जस्त आधी झिजतं.

कुठे शोभतो

खचलेल्या घराला टेकू देणं, हे त्याचं सगळ्यात समाधानकारक काम म्हणता येईल. जुन्या पायाच्या कडेला खड्डा घेऊन पाइल घट्ट थरापर्यंत उतरवतात, पायाखाली लोखंडी कंस अडकवतात आणि जॅकने भार हळूहळू पाइलवर घेतात. एकेक करत सगळ्या पाइलांवर भार आला, की घर खालच्या सैल मातीवर अवलंबून राहत नाही. पाइल भिंतीच्या बाजूला असल्यामुळे भार मधोमध येत नाही, कंसातून दांड्याला वाकवणारा जोरही येतो, तो हिशोबात धरलेला हवा.

दलदलीतल्या लाकडी पायवाटा हे आणखी एक. यंत्र तयार झालेल्या भागावर उभं राहून पुढचे पाइल बसवत जातं, खालच्या झाडझाडोऱ्याला चाक लागत नाही. विजेच्या मनोऱ्यांचे ताण, माती अडवणाऱ्या भिंतींचे मागे खेचणारे नांगर, सौर ऊर्जेची शेतं या कामांत भार वर ओढणारा किंवा तिरका असतो, आणि तिथे पात्यांना तोड नाही. मात्र ओढ घेणाऱ्या पाइलचं सर्वांत वरचं पातं पुरेसं खोल हवं. उथळ राहिलं तर ते आपल्यावरच्या मातीचा शंकू उचलून सरळ बाहेर येतं. दूषित जमिनीवरही हा पाइल फायद्याचा, कारण वर माती येत नाही म्हणजे तिची विल्हेवाट लावायची कटकट नाही. आणि तात्पुरती इमारत असेल तर काम संपल्यावर उलटा फिरवून काढता येतो. दांडा सरळ आणि पाती धड असतील तर दुसरीकडे वापरताही येतो.

कमी जागेत, तळघरात वगैरे, हातात धरायची मोटरही मिळते. तिच्याबद्दल एक सावधगिरी. मोटर जितक्या जोराने दांडा पिळते, तितक्याच जोराने ती स्वतः उलटी फिरू पाहते. १० किलोन्यूटन-मीटर म्हणजे एक मीटर लांब पहारीच्या टोकाला एक टन. हे माणसाने हाताने अडवायचं नसतं. त्यासाठी भिंतीला किंवा जमिनीतल्या खुंटाला टेकवलेली आडवी कांब हवीच.

उंच इमारतींच्या खांबांखालचे शेकडो टनांचे भार मात्र सहसा बोअर केलेल्या काँक्रीट पाइलांनाच द्यावेत. खर्चाच्या तुलनेत लोक पोलादाचा भाव आणि काँक्रीटचा भाव समोरासमोर ठेवतात, आणि स्क्रू पाइल महाग ठरवतात. वाचलेले दिवस, न झालेली खोदाई, न उपसलेलं पाणी यांचा हिशोबही त्याच कागदावर आला पाहिजे. उलट चार-पाचच पाइल असतील तर यंत्र आणण्याचाच खर्च अंगावर येतो.

ठरलेला टॉर्क आला नाही तर

आराखड्यात प्रत्येक पाइलसाठी दोन आकडे असतात: किमान खोली आणि किमान टॉर्क. काम थांबवायला दोन्ही पूर्ण व्हावे लागतात. खोली गाठली आणि टॉर्क आला नाही, तर गोंधळण्याचं कारण नसतं. आणखी एक तुकडा जोडून खाली जायचं. तरी नाही जमलं तर पाइल काढून मोठी किंवा जास्त पाती लावलेला दुसरा घालायचा, किंवा भार दोन पाइलांत वाटायचा. अशा वेळी निर्णय अभियंत्याचा, मोटर चालवणाऱ्याचा नाही.

उलटी परिस्थिती जास्त जपण्यासारखी असते. पाइल दीड मीटरवरच अडला आहे, काट्यावर टॉर्क हवा त्याहून जास्त दिसतो आहे, आणि पुढचे वीस पाइल वाट पाहत आहेत. थांबण्याचा मोह होणारच. पण इतक्या वर पाती राहिली तर ती ऋतूप्रमाणे बदलणाऱ्या मातीत असतात, ओढ घ्यायला वर पुरेशी माती नसते, आणि अडथळा एखाद्या धोंड्याचाही असू शकतो. तेव्हा पाइल उलटा फिरवून बाहेर काढायचा, पाती आणि सांधे तपासायचे, अभियंत्याला विचारून जागा थोडी सरकवायची किंवा लहान पात्याचा पाइल घेऊन पुन्हा उतरवायचा, आणि कडक थर पातळ असेल तर आधी बारीक भोक पाडून घ्यायचं. पाइल बसवणाऱ्याचे पैसे खोलीवर ठरलेले असतील की पाइलांच्या संख्येवर, हे करारातलं कलम अशा वेळी फार महत्त्वाचं ठरतं. संख्येवर असतील तर प्रत्येक पाइलच्या खोलीची नोंद मालकाच्या माणसाने स्वतः उभं राहून लिहून घ्यावी.